दोराखालची डोकी: कॅम्पच्या स्टाफला हेल्मेटसक्ती, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की नाशिकभोवतीच्या कॅम्पवर शाळांच्या सहलींची बुकिंगं सुरू होतात आणि त्याच आठवड्यात मला स्टाफचे मेसेज यायला लागतात. अंजनेरीचा पायथा, इगतपुरी, वैतरणा, गंगापूर धरणाचा काठ... जागा वेगळ्या, हेल्मेटबद्दलचे प्रश्न तेच. या कॅम्पच्या पोरापोरींना मी दोरकाम, म्हणजे दोराच्या आधाराने कातळावर चढणं-उतरणं, शिकवतो. दर वर्षी तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवतोय. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय, शुद्धलेखन तेवढं माझं.

१. "सगळ्या स्टाफला हेल्मेट" म्हणजे कुणाकुणाला? मी तर फक्त शनिवार-रविवार रोजावर येतो.

रोजावर आलात की महिन्याच्या पगारावर, वरून येणाऱ्या दगडाला ते कळत नाही. जो दोराच्या वर, दोरावर किंवा दोराखाली जातो तो या नियमापुरता स्टाफ. इन्स्ट्रक्टर, बिले देणारा (दोरावरच्या माणसाचा दोर धरून त्याला सांभाळणारा), वर अँकर (दोर जिथे बांधतात ती जागा) सांभाळणारा, खाली पोरांना हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा) चढवून देणारी ताई, फोटो काढणारा आणि चहाची किटली घेऊन येणारा पोरगासुद्धा. शेवटची दोन माणसं बहुतेक कॅम्पच्या यादीत नसतात. त्यात फोटोवाला चांगला अँगल मिळावा म्हणून नेमका कातळाच्या मुळाशी जाऊन वर बघत उभा राहतो. जेवणघर, तंबू, ऑफिस इथे काम करणाऱ्यांना हेल्मेट नको. ते दोराच्या पट्ट्यात आले तर लागतं. हा पट्टा कुठे सुरू होतो ते प्रश्न ७ मध्ये.

२. ही सक्ती कायद्यातच आहे, की मालकाच्या मनात आलं म्हणून?

दोन्ही मिळून. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, आणि योग्य साधनं व शिकलेला स्टाफ हा त्या नोंदणीचाच भाग आहे. दुसरीकडे कामगारांच्या सुरक्षेची, आरोग्याची आणि कामाच्या स्थितीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, इजा होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मोकळी ठेवणं ही ती मालकाची जबाबदारी मानते. आणि दिलेले सुरक्षेचे नियम पाळणं, धोका दिसला तर कळवणं हे कर्मचाऱ्याचं कर्तव्य धरते. म्हणजे दोघांच्याही गळ्यात दोरी आहे.

तिसरा कागद कॅम्पचा स्वतःचा: लेखी नियमावली आणि विम्याच्या अटी. खरं सांगायचं तर रोजच्या कामात तुमच्या डोक्यावर हेल्मेट आणतो तो हाच कागद. रुजू होताना तो मागून वाचा. "तोंडी सांगितलंय सगळ्यांना" हे उत्तर आलं तर समजा की नियमावली नाही.

३. पाहुण्यांचं ठीक आहे हो सर. पण मी आठ वर्षं दोरावर काम करतोय, मला कशाला?

हा प्रश्न दर हंगामात येतो आणि विचारणारा नेहमी कामाचा पक्का असतो. म्हणूनच सविस्तर लिहितो.

शाळेतला पोरगा दोरावर दहा-पंधरा मिनिटं असतो, मग बाजूला जाऊन बिस्कीट खातो. ऐंशी पोरांची शाळा आली की तुम्ही त्याच कातळाखाली सहा तास उभे. असे हंगामात चाळीस-पन्नास दिवस धरा. अनुभवाने तुमचा पाय घसरणं कमी होतं, गाठ चुकणं कमी होतं. पण वरच्या गवतातून सुटणारा दगड तुमच्या अनुभवाबाहेरचा आहे. उलट जितकी वर्षं जास्त, तितके दगडाखालचे तास जास्त.

बर्फातल्या धंद्यात हा हिशोब आधी मांडला गेला. अमेरिकेतल्या व्हेल रिसॉर्ट्स या स्की कंपनीने २००९-१० च्या हंगामापासून कामावर स्की किंवा स्नोबोर्ड करणाऱ्या आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. पैसे भरून आलेली मोठी माणसं तेव्हा उघड्या डोक्याने फिरू शकत होती. सक्ती आधी आली ती तिथेच वाढलेल्या, डोळे मिटून उतार उतरू शकणाऱ्या स्टाफवर. त्याच वर्षी मार्चमध्ये नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री कॅनडात शिकाऊंच्या सोप्या उतारावर पडली आणि दोन दिवसांनी गेली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कॅनडातल्याच नोव्हा स्कॉशिया प्रांताने २०१२ मध्ये सगळ्या वयाच्या स्कीवाल्यांना कायद्याने हेल्मेट लावलं. इटलीने २०२२ पासून अठरा वर्षांखालच्यांना आणि नोव्हेंबर २०२५ पासून सरसकट सगळ्यांना.

पाहुण्यांसमोर आदर्श वगैरे म्हणून घाला असं मी सांगत नाही. तसं सांगितलं की पाहुणे गेल्यावर हेल्मेट उतरतं.

४. माझ्याकडे बाइकचं आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट आहे. तेच घातलं तर?

नको. त्र्यंबक रोडने येताना तेच घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही ते लागतं आणि रस्त्यासाठी आयएस ४१५१ हेच मानक आहे. जून २०२१ पासून त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. कॅम्पवर पोचलात की ते गाडीला अडकवा आणि दुसरं घ्या.

कारण ते बनवलंय वेगात जाणारं डोकं रस्त्यावर आपटेल म्हणून. त्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास, चढाईचं हेल्मेट दोनशे ते साडेचारशे ग्रॅम. बाइकचं घालून दिवसभर मान वर करून बिले द्या आणि संध्याकाळी मला फोन करा. त्यातून कान झाकलेले. वरून "दगड!" अशी आरोळी आली तरी ती तुमच्यापर्यंत पोचता पोचता दगड आधी येतो.

५. मग सातपूरच्या कंपनीतलं पिवळं हेल्मेट? भाऊ कामाला आहे, चार-पाच सहज मिळतील.

हे बाइकच्या हेल्मेटपेक्षा जवळचं वाटतं, म्हणून जास्त फसवतं. फरक हनुवटीच्या पट्ट्यात आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

कारखान्यातल्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन ३९७. त्यात हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढ आली की सुटला पाहिजे, म्हणजे साधारण पंधरा ते पंचवीस किलोंचा भार. मुद्दाम तसं ठेवलंय: हेल्मेट यंत्रात किंवा सळईत अडकलं तर माणूस गळफास लागून लटकू नये. चढाईच्या हेल्मेटचं मानक ईएन १२४९२. तिथे उलटं आहे, पट्टा ५०० न्यूटनला टिकला पाहिजे. कारण कातळावर माणूस पडताना दोन-तीनदा आपटतो आणि पहिल्याच धक्क्याला हेल्मेट उडालं तर पुढच्या धक्क्यांना डोकं उघडं.

दुसरं म्हणजे कंपनीतलं हेल्मेट मुख्यतः डोक्यावर सरळ पडणाऱ्या वस्तूसाठी तपासतात. चढाईचं पुढून, मागून, बाजूनेही तपासलेलं असतं. रॅपल करताना, म्हणजे दोरावरून कातळ उतरताना, पाय सटकून माणूस कातळावर आडवा झोपाळतो तेव्हा आपटते ती बाजू.

काही कंपन्या दोन्ही कामांसाठी पट्टा बदलता येणारी हेल्मेटं काढतात, ती चालतात. आतला शिक्का वाचा. ईएन १२४९२ हा आकडा दिसला नाही तर दोरावर नको, मग भाऊ कितीही देत असो.

६. हेल्मेट असलं की केवढा दगड आला तरी चालतो?

आकड्यातच सांगतो. ईएन १२४९२ च्या चाचणीत पाच किलोचं वजन दोन मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात, आणि खालच्या डोक्याच्या साच्याला पोचणारा जोर १० किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. आता आपल्या काळ्या कातळाचा टेनिस बॉलएवढा तुकडा हातात घ्या. अर्धा किलोच्या आसपास भरतो. तो वीस मीटरवरून सुटला तर खाली येतो ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने, आणि त्याची ऊर्जा बरोबर त्या चाचणीएवढी होते. अर्धा किलो गुणिले वीस मीटर, पाच किलो गुणिले दोन मीटर, दोन्हीचं उत्तर दहा.

म्हणजे वीस मीटरच्या रॅपलवर टेनिस बॉलएवढा दगड ही हेल्मेटची परीक्षा पाहणारी गोष्ट झाली. नारळाएवढा आला तर हेल्मेटच्या भरवशावर राहू नका. म्हणून कार्यक्रमाच्या आधी वरचा काठ झाडून घेणं, सुटे दगड मागे नेऊन ठेवणं, हे काम हेल्मेटच्या आधीचं. ते करतानाही हेल्मेट लागतंच, आणि खाली कुणी नसायला हवं.

७. नक्की कधी घालायचं आणि कधी काढायचं?

बहुतेक कॅम्पची नियमावली "उपक्रम सुरू असताना" एवढंच म्हणते आणि तिथेच घोळ होतो.

माझंच सांगतो. एका शाळेचा कार्यक्रम संपला, पोरं बसमध्ये बसली. मी हेल्मेटं गोळा करून पोत्यात भरत होतो आणि माझंही त्यातच टाकलं. वरचा सहकारी दोर ओढून घेत होता. दोराच्या टोकाने काठावरचा दगड उचलला. लिंबाएवढाच होता, वरून अंगठ्याला चुना लावतात तसा पांढरा पक्ष्यांचा डाग त्याच्यावर. तो डाग मला आठवतो कारण नंतर मी तो दगड उचलून बघत बसलो होतो आणि शर्टावर काय ओघळतंय हे मला दुसऱ्याने सांगितलं. चार टाके. त्या दिवशी सगळ्या पोरांच्या डोक्यावर दिवसभर हेल्मेट होतं.

तेव्हापासून माझ्याकडे एकच वाक्य आहे: हेल्मेट पहिलं चढतं आणि दोर गुंडाळून झाल्यावर शेवटचं उतरतं. अँकर लावतानाचा आणि सामान आवरतानाचा वेळ यात आला.

जागेचं म्हणाल तर मी कातळाखाली फक्कीची रेघ मारतो. कातळाच्या उंचीच्या निम्म्याने तरी बाहेर. दहा मीटरचा टप्पा असेल तर पाच मीटर, खाली घसारा (सुट्या दगडमातीचा उतार) असेल तर त्याहून लांब, कारण तिथे दगड टप्पे घेत येतो. रेघेच्या आत हेल्मेट, बाहेर मोकळं. हा माझा अंदाज आहे, सरकारी माप नव्हे. पण रेघ दिसते, त्यामुळे वाद होत नाहीत. कार्यक्रम नसला तरी वर माकडं असतील तर रेघ कायम. त्यांच्या पायांनी सुटलेले दगड मी माणसांच्या पायांनी सुटलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

८. मार्च-एप्रिलच्या उन्हात डोकं शिजतं. आत टोपी घातली तर? आणि माझा अंबाडा मोठा आहे, हेल्मेट बसतच नाही.

पातळ सुती रुमाल किंवा बंडाना चालतो, शिवण जाड नको. क्रिकेटची पुढे झडप असलेली टोपी नको: वर बघता येत नाही आणि हेल्मेट मागे सरकतं. कपाळ उघडं पडलेलं हेल्मेट म्हणजे अर्धं हेल्मेट. भुवयांच्या वर दोन बोटं, एवढंच कपाळ दिसायला हवं. पट्टा बांधून मान हलवा. हेल्मेट मानेबरोबर हललं पाहिजे, मानेमागून नाही.

अंबाडा माथ्यावर नको, खाली मानेशी वेणी घाला आणि ती शर्टाच्या आत. मोकळी वेणी डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वापरायच्या साधनात) ओढली जाते, हा हेल्मेटपेक्षा मोठा धोका आहे. पिनाही काढा.

उन्हावर खरा उपाय पाळी बदलण्याचा. दर तासाला माणूस बदला. माणसं कमी आहेत म्हणून हेल्मेट काढू देणारा मालक उद्या बिलेलाही एकच माणूस ठेवेल.

९. मालकाने हेल्मेटचे पैसे माझ्या पगारातून कापले. बरोबर आहे का?

नाही. प्रश्न २ मध्ये सांगितलेली संहिता स्पष्ट म्हणते की कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचा आकार कर्मचाऱ्याकडून घ्यायचा नाही. तुम्हाला स्वतःचं, आवडीचं हेल्मेट आणायचं असेल तर ती तुमची हौस, आणि त्यावरही शिक्का प्रश्न ५ मधलाच हवा. भांडायला जाण्याआधी एकदा कागद दाखवून बघा. माझ्या माहितीतल्या दोन मालकांना हे खरंच माहीत नव्हतं आणि त्यांनी पैसे परत केले. तिसऱ्याला माहीत होतं.

१०. हेल्मेट घातलं नव्हतं आणि लागलं, तर भरपाई मिळत नाही म्हणे?

अर्धं खरं. सुरक्षेचा नियम किंवा साधन जाणूनबुजून धुडकावल्यामुळे इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकतो, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय आणि सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे. पण त्या अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे कारण मालकाला पुढे करता येत नाही.

"जाणूनबुजून" हा शब्द महत्त्वाचा. हेल्मेट दिलंच नव्हतं, कमी होती, फुटकी होती, तर तुम्ही काय धुडकावलं? म्हणून साधनांच्या वाटपाची वही ठेवा आणि सही करण्याआधी हातात काय आलंय ते बघा. कोऱ्या पानावर आगाऊ सही करणारी पोरं दर हंगामात भेटतात.

११. हेल्मेटं वीस, पोरं अठरा, स्टाफ पाच. आमची तीन पोरांना दिली तर चालेल ना?

वीसमधून आधी स्टाफची पाच बाजूला काढा. उरली पंधरा. म्हणजे एका वेळी पंधराच पोरं रेघेच्या आत, तिघं रेघेबाहेर बसून आपल्या पाळीची वाट बघतील. एवढं सोपं आहे ते, आणि तरी सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण शाळेच्या सरांना जेवणाआधी उरकायचं असतं. बिले देणाऱ्याच्या डोक्यात दगड बसला की त्याच्या हातातला दोर सुटतो, आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या हेल्मेटातलं पोरगं असतं. सरांना हेच सांगा, ते थांबतात.

१२. झिपलाइन, कयाक, दोरीच्या जाळ्या... सगळीकडे तेच हेल्मेट?

झिपलाइनला चढाईचं चालतं. खडकाळ वाहत्या पाण्यातल्या कयाकला वेगळं, ईएन १३८५ चं. लहान मुलांच्या जाळ्यांवर आणि शिड्यांवर मात्र आधी विचार करा: मजबूत पट्ट्याचं हेल्मेट जाळीत अडकलं तर पोरगं त्याच पट्ट्याने लटकतं. प्रश्न ५ मधला चांगला गुण इथे धोका होतो. जमिनीलगतच्या, खाली मॅट असलेल्या जाळीवर आम्ही हेल्मेट काढून ठेवायला लावतो.

१३. आम्ही दोघं मित्र जानेवारीत गुलमर्गला कामाला चाललोय. इथलंच हेल्मेट नेलं तर?

स्कीवर जाणार असाल तर नेऊ नका. चढाईचं हेल्मेट वरून येणाऱ्या दगडासाठी, स्कीचं हेल्मेट वेगात जाऊन आपटणाऱ्या डोक्यासाठी. त्याचं मानक ईएन १०७७, अमेरिकी माल असेल तर एएसटीएम एफ २०४०. ईएन १०७७ मध्ये दोन वर्ग आहेत: अ वर्गाचं कान झाकतं, ब वर्गाचं कान उघडे ठेवतं. तुम्ही अ घ्या. गुलमर्गचा गोंडोला (रोपवे) अफरवत शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, तिथे नाशिकचे कान टिकत नाहीत. गॉगल आणि हेल्मेट एकत्र घालून बघूनच विकत घ्या. दोघांच्या मधली कपाळाची पट्टी उघडी राहिली तर पहिल्याच दिवशी बधिर होते.

आणि हेल्मेट आहे म्हणून वेग वाढवू नका. मोटार शर्यतींचा जगज्जेता मायकल शूमाखर २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या मेरिबेलला स्की करताना पडला तेव्हा त्याने हेल्मेट घातलेलं होतं.

१४. वर आग्या मोहोळ उठलं तर हेल्मेट काढून पळायचं का?

काढण्यात वेळ घालवू नका, तसंच पळा. जाळीदार हेल्मेटच्या भोकांतून माशी आत शिरते आणि घोंगावते, ते भयंकर असतं हे मान्य. पण घसाऱ्यावरून जीव घेऊन पळताना पडायची शक्यता दिवसातली सगळ्यात जास्त तेव्हाच असते. लांब गेल्यावर काढा. आणि त्या कातळावर मोहोळ असेल तर मुळात कार्यक्रम तिथे नको. अत्तर, सिगारेट, फटाके तर नकोच.

१५. हेल्मेट किती वर्षं चालतं? बाद झालेल्याचं काय करायचं?

काही नामांकित कंपन्या प्लास्टिकच्या हेल्मेटला उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. ही वरची मर्यादा झाली, हमी नव्हे. आपल्याकडे हेल्मेटं पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढतात, पोरं त्यांच्यावर बसतात, कुणी मार्करने नावं लिहितं. मोठा दगड बसला, उंचावरून पडलं, आतला फोम दबला, पट्ट्याची शिवण सुटली, की त्याच दिवशी बाद. चीर दिसलीच पाहिजे असं नाही.

बाद हेल्मेट "असू दे, पाहुणे वाढले तर" म्हणून कपाटावर ठेवू नका, ते नक्की खाली येतं. पट्टे कापा, माथ्यावर सुरीने मोठी फुली मारा. इगतपुरीकडच्या एका कॅम्पवर स्वयंपाकघरामागे अशा सहा हेल्मेटांत कढीपत्ता आणि गवती चहा लावलाय. सहाही हेल्मेटांचे पट्टे मुळाशी कापलेले आहेत, मी वाकून बघितलंय.